नागपूरच्या उन्हाळ्यात घरी कोरलची छोटी टाकी टिकेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात फ्लॅट आहे, हॉलमध्ये ६० ते ८० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी करून तीत कोरल म्हणजे प्रवाळ ठेवायची आहेत, पण मे महिन्यात पारा ४५ वर जातो, चिलर (टाकीचं पाणी थंड करणारं यंत्र) परवडत नाही आणि दुकानदार म्हणतो की विदर्भात हे जमतच नाही.

जमतं. माझी टाकी ८० लिटरची आहे, चिलर नाही, आणि नवतप्यातही तिचं पाणी २८ च्या वर जात नाही. तुम्हाला मेची धास्ती वाटते, पण नागपुरात कोरलला खरा त्रास होतो तो जुलै-ऑगस्टमध्ये. हे एकदा नीट समजलं की बाकीची सगळी आखणी सोपी होते, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

कोरल हा प्राणी आहे. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडात अन्न तयार करतं आणि कोरल मुख्यतः त्याच्यावर जगतं. पाणी बरेच दिवस जास्त तापलेलं राहिलं की कोरल हे शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. लक्षद्वीपच्या समुद्रात १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये असंच झालं. घरच्या टाकीत २४ ते २७ अंश उत्तम. २८ चालतं. ३० वर पाणी आठवडाभर राहिलं तर नुकसान ठरलेलं.

आता आपला मे बघा. दुपारी हवा अगदी कोरडी असते, आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास. अशा हवेत पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण २,४०० किलोज्यूल. ८० लिटर पाणी ७ अंशांनी थंड व्हायला एवढी ऊर्जा काढून घ्यावी लागते. खोलीतून उष्णता सतत आत येत असते, त्यामुळे प्रत्यक्षात तेवढी घट दिसत नाही. पण टाकीच्या तोंडावर कॉम्प्युटरमधले दोन छोटे पंखे पाण्याकडे तिरपे करून बसवले तर ३ ते ४ अंशांचा फरक सहज पडतो. झाकण काढा, वर बारीक जाळी टाका, नाहीतर मासे उड्या मारतात. पंख्याला शंभर-दोनशे रुपयांचा तापमान नियंत्रक जोडला की तो स्वतःच चालू-बंद होतो. टाकीच्या खोलीत डेझर्ट कूलर असेल तर आणखी बरं, फक्त त्याचा झोत थेट पाण्यावर नको.

आणि जुलैत? बाहेर ३० अंश, हवेत ८० टक्के ओल. कूलर लावूनही अंग चिकचिकतं, तशीच टाकीच्या पंख्याचीही गत होते. पाणी उडतच नाही, वरून लाईट आणि पंप आपली उष्णता ओततात, आणि तापमान २९-३० वर अडकून बसतं. या दिवसांत मी टाकीच्या खोलीत दुपारी एसी लावतो, लाईटची वेळ रात्रीकडे सरकवतो आणि तिची तीव्रता कमी करतो. ज्या घरात एसी नाही त्यांनी चिलरसाठी पैसे साठवायचे तर ते या दोन-तीन महिन्यांसाठी, मेसाठी नाही. ऑक्टोबरची उकड संपली की मग निर्धास्त. डिसेंबर-जानेवारीत उलट हीटर लागतो. आपल्याकडे रात्री पारा १० च्या खाली जातो. एक मोठा हीटर घेण्यापेक्षा ५० वॉटचे दोन घ्या. एखादा बिघडून चालूच राहिला तरी एकट्याने पाणी उकळवण्याइतकी त्याची ताकद नसते.

पंख्याने टाकी थंड होते त्याची किंमत मिठात मोजावी लागते. कूलरच्या ताट्यांवर उन्हाळाअखेर जो पांढरा थर बसतो तो सगळ्यांनी पाहिलाय: पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. टाकीतही तेच. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ८० लिटरमधून रोज ३ लिटर पाणी उडालं आणि तीन दिवस तुम्ही वर पाणी घातलं नाही तर क्षारता ३५ वरून ३९ च्या पुढे जाते. मासे कदाचित सहन करतील, कोरल मिटून बसतील. म्हणून उडालेल्याच्या जागी नेहमी गोडं, शुद्ध पाणीच घालायचं, मिठाचं कधीच नाही. काचेवर पातळीची खूण म्हणून टेपची पट्टी लावा आणि सकाळ-संध्याकाळ तेवढं भरा. मेमध्ये चार दिवस लग्नाला गावी जायचं असेल तर आपोआप पाणी भरणारा सेन्सरचा पंप हवाच. शेजाऱ्यांवर हे काम सोपवू नका. जिवाला घोर लागतो.

पाणी कुठलं, हा पुढचा प्रश्न. नळाचं नको, बोअरिंगचं तर अजिबात नको. घरच्या आरओमध्ये चवीसाठी क्षार परत मिसळणारी सोय असते, त्यामुळे टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) ४०-५० दाखवतो. त्या नळीच्या पुढे उरलेले क्षार शोषून घेणारा डीआय रेझिनचा फिल्टर लावून आकडा शून्यावर आणा. वीस लिटरचे जार विकत घेणार असाल तर प्रत्येक जार मोजून घ्या. टाकी भरण्यासाठी या शुद्ध पाण्यात रीफसाठीचं, म्हणजे कोरलच्या टाकीसाठीचं तयार समुद्री मीठ मिसळायचं, वीस लिटरला साधारण ७०० ग्रॅम, आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजणाऱ्या उपकरणावर) १.०२५ ते १.०२६ आलं की झालं. स्वयंपाकाचं किंवा खडे मीठ इथे चालत नाही, कारण कोरलला कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेटही हवं असतं.

टाकी भरली की कोरल लगेच नको. कोरडा सच्छिद्र खडक आणि ॲरागोनाइट (चुनखडीची) वाळू घालून चार ते सहा आठवडे नुसती चालू द्या. या काळात अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू खडकात वस्ती करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याशिवाय एकही जीव आत सोडू नका. मधे तपकिरी साय धरते, ती आपोआप जाते.

आता कुठलं कोरल. इथे कायदा आणि सोय दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सगळी कठीण, खडक बांधणारी कोरल आली. काळं कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखेही आहेत. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्यासुद्धा. आपल्या समुद्रातून काढलेलं असं काही घरात सापडलं तर तीन ते सात वर्षांची कैद आहे. मालवण असो की मन्नारचं आखात, तिथल्या खडकाचा तुकडासुद्धा आणायचा नाही, आणि कुणी ‘ओरिजिनल लाइव्ह रॉक’, म्हणजे समुद्रातून काढलेला जिवंत जीवांसकटचा खडक, स्वस्तात देतोय म्हणाला तर तिथून निघा. परदेशातून आलेल्या कठीण कोरलना साइटिस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची कागदपत्रं आणि सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. पहिल्याच टाकीत त्या भानगडीत पडण्याचं कारण नाही. मला हे मनापासून वाटतं: ज्या जिवाच्या प्रेमापायी आपण टाकी मांडतो तोच समुद्रातून ओरबाडून आणायचा, हे पटण्यासारखं नाही.

मऊ कोरल त्या यादीत नाहीत, आणि नवशिक्यासाठी तीच योग्य. मशरूम, झोअँथिड, झेनिया, केनिया ट्री, लेदर. दुसऱ्या कुणाच्या टाकीत वाढवून कापलेले तुकडे घ्या आणि बिल जपून ठेवा. झोअँथिड हाताळताना मात्र हातमोजे आणि चष्मा हवाच, त्यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. त्यांचा खडक कधीही उकळू नका, वाफेतूनही विषबाधा होते.

लेदर कोरलबद्दल एक सांगून ठेवतो, कारण नवीन माणसं इथेच घाबरतात. एके दिवशी त्याचे केसांसारखे दिसणारे सगळे तंतू आत जातात, वरचा भाग मेणचटल्यासारखा चकाकतो, आठवडाभर ते तसंच मिटलेलं राहतं. तो जीव कात टाकत असतो. पंपाचा झोत थोडा त्याच्याकडे वळवा, तो पातळ पापुद्रा निघून जाईल आणि आतलं कोरल आधीपेक्षा मोठं होऊन उमलेल. मेलं समजून बाहेर काढू नका.

मासे कमी ठेवा. ८० लिटरला क्लाउनफिशची एक जोडी पुरे. ती टाकीत जन्मलेलीच मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र केव्हाच बसवलंय, समुद्रातून पकडलेली घ्यायची गरज उरलेली नाही.

मृगाच्या वादळात आपल्याकडे लाईट जातेच. इन्व्हर्टरवर आधी पाणी फिरवणारा पंप जोडा, मग पंखा. दिवा दोन दिवस नसला तरी कोरलचं काही बिघडत नाही, पण पाणी थांबलं की काही तासांत प्राणवायू संपतो, आणि गरम पाण्यात तो मुळातच कमी असतो. डेंग्यूच्या दिवसांत गल्लीत धूर फवारायला आले की खिडक्या लावा आणि हवेचा पंप बंद ठेवा. त्या खोलीत डासांची कॉइल, लिक्विड किंवा झुरळांचा स्प्रे वापरू नका. त्यातली पायरेथ्रॉइड कीटकनाशकं माणसाला फारशी जाणवत नाहीत, पण कोळंबीला आणि माशांना मारतात.

सुरुवात केव्हा करायची विचाराल तर ऑक्टोबरअखेर टाकी भरा. डिसेंबरपर्यंत ती तयार होईल, आणि थंडीच्या दिवसांत मुंबईहून पार्सलने येणारी कोरल वाटेत तापणार नाहीत. मे उजाडेपर्यंत तुमच्या टाकीतून रोज किती पाणी उडतं याचा अंदाज तुम्हाला आलेला असेल. एप्रिल ते जूनमध्ये नवीन कोरल मागवू नका, कितीही सूट मिळाली तरी. लाईट आणि पंप निवडताना अडलात तर टाकीची लांबी-रुंदी-उंची आणि ती कुठल्या भिंतीला ठेवणार ते लिहा. पश्चिमेची भिंत असेल तर जागाच बदलायला सांगेन.