ग्रेटफुल डेडच्या मैफलींची क्रमवारी लावण्यापूर्वी

तुम्ही ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडच्या मैफलींची, त्यांची ध्वनिमुद्रणे ऐकून, क्रमवारी लावायला घेतली आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र सुरुवात ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झालेल्या गाजलेल्या मैफलीपासून करू नका. ती उत्तमच आहे, पण तिच्या कीर्तीत बँडच्या ध्वनिमुद्रक बेटी कँटर-जॅक्सन यांच्या स्वच्छ ध्वनिमुद्रणाचाही मोठा वाटा आहे, आणि नवशिका श्रोता वादन व ध्वनिमुद्रण यांची गल्लत हमखास करतो.

थेट मिक्सरमधून घेतलेल्या मुद्रणात प्रत्येक वाद्य सुटे ऐकू येते, परंतु आवाजांचा तो मिलाफ सभागृहासाठी केलेला असल्याने मंचावर मोठ्याने वाजणारी वाद्ये त्यात कधी कधी दबतात. श्रोत्यांमध्ये माइक उभारून केलेल्या मुद्रणात खरखर असली तरी सभागृहाचा घुमारा आणि श्रोत्यांची दाद टिकते. शक्य असेल तेव्हा एकाच रात्रीची दोन्ही मुद्रणे ऐकल्याशिवाय क्रमांक देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. जुन्या कॅसेटच्या प्रतींमध्ये टेपचा वेगही बदललेला असू शकतो. मी दादरच्या घरी पेटीवर सूर ताडून पाहतो. पट्टी अर्ध्या सुराने चढलेली निघाली, तर वादनातला जोश केवळ वेगामुळे भासत होता, हे लक्षात येते.

तुलना एकाच गाण्याची करा. २७ ऑगस्ट १९७२ रोजी ओरेगॉनमधील व्हेनेटा येथे ‘डार्क स्टार’ अर्ध्या तासाहून अधिक चालले; एकच बंदिश दोन मैफलींत निराळी उलगडते, त्या कानाने ते ऐका. लोकलमध्ये मात्र ऐकू नका, कारण गाडीच्या खडखडाटात बँडचे वादक फिल लेश यांचे बास गिटार पूर्ण बुडते.