वाचकांचे प्रश्न: १९५३ सालचं ‘जुनं’ शहर बघायला वॉर्साला जायचं का?

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही बर्लिनला राहतो, जुलैच्या शेवटी आईबाबा नाशिकहून येतायत आणि भाड्याच्या गाडीने पोलंड करायचं ठरतंय, आधी वॉर्सा, मग ग्दान्स्क, मग परत. नवऱ्याच्या ऑफिसमधला एकजण म्हणाला वॉर्साच्या ओल्ड टाऊनला वेळ घालवू नका, सगळं युद्धानंतर बांधलेलं आहे, नुसता सिनेमाचा सेट. बाबांनी ते ऐकलं, मोबाईलवर शोधलं आणि जाहीर केलं, "तो चौक १९५३ ला पुरा झाला, मी पण १९५३ चाच, मग मलाच बघा की घरबसल्या!" आता प्लॅन बदलायचा का?

उत्तर: बाबांना माझा नमस्कार सांगा, त्यांचं गणित बरोबर आहे. ओल्ड टाऊनचा मार्केट चौक २२ जुलै १९५३ ला लोकांसाठी खुला झाला, म्हणजे तुम्ही पोचाल तेव्हा त्याचा वाढदिवस नुकताच होऊन गेलेला असेल. पण प्लॅन बदलू नका. उलट मी म्हणेन दोन रात्री ठेवा, एका दिवसात ते शहर नुसतं गोड दिसतं आणि गोड दिसणं हा त्याचा सगळ्यात कमी इंटरेस्टिंग भाग आहे.

आधी काय झालं ते थोडक्यात, म्हणजे गाडीत आईबाबांना सांगता येईल. १ ऑगस्ट १९४४ ला वॉर्साच्या लोकांनी जर्मनांविरुद्ध उठाव केला, तो ६३ दिवस चालला आणि चिरडला गेला. त्यानंतर जर्मनांनी उरलेली माणसं शहराबाहेर काढली आणि रिकाम्या शहराला रस्त्या-रस्त्याने आग लावली, इमारतींना सुरुंग लावले, म्हणजे लढाईत पडझड झाली असं नाही, लढाई संपल्यावर बसून पाडलं. शहरातल्या साधारण ८५ टक्के इमारती गेल्या. जानेवारी १९४५ मध्ये लोक परत आले तेव्हा राजधानी दुसरीकडे हलवावी का असाही विचार चालला होता, पण फेब्रुवारीतच शहर परत उभं करायचं सरकारी ऑफिस सुरू झालं.

बांधलं कशावरून? हे मला सगळ्यात आवडतं. युद्धाआधी तिथल्या आर्किटेक्चर कॉलेजची मुलं जुन्या घरांची मापं घेऊन नकाशे काढायची, कॉलेजचा अभ्यास म्हणून. ते नकाशे लपवून शहराबाहेर नेले आणि प्योत्रकूफ गावातल्या मठात ठेवले, म्हणून वाचले. शिवाय अठराव्या शतकात बेलोत्तो नावाचा इटालियन चित्रकार पोलंडच्या राजाच्या दरबारी होता, त्याने रस्ते-चौक इतके बारीक रंगवलेत की दोनशे वर्षांनी गवंड्यांना कामाला आले. ती चित्रं रॉयल कॅसलमध्ये एका खोलीत लावलीत. ती आधी बघा आणि मग बाहेर पडून तोच रस्ता चाला, हा क्रम उलटा करू नका.

आता बाबांचा मुद्दा, की मग यात जुनं काय. माझं म्हणणं असं की हे जुनं शहर म्हणून बघूच नका, जोड शोधत बघा. गोधडी कशी उलटी करून टाके बघतो, तसं. कॅसलच्या भिंतीत काही दगड काळपट, झिजलेले दिसतील आणि बाजूचे गुळगुळीत, तर झिजलेले ते ढिगाऱ्यातून वेचून परत बसवलेले आहेत. कॅसलसमोरच्या चौकातला राजा झिगमुंटचा खांब १६४४ सालचा म्हणतात, पण सध्याचा दगडी खांब १९४९ चा आहे, वरचा राजाचा पुतळा तेवढा वाचला. आधीचे दोन तुटलेले खांब कॅसलच्या शेजारी गवतात आडवे ठेवलेत. बरेच लोक खांबाचा फोटो काढतात आणि आडव्या खांबांकडे न बघता निघून जातात. आम्ही पण पहिल्या वेळेला तेच केलं, हॉटेलवर आल्यावर कळलं, मग दुसऱ्या दिवशी परत गेलो.

कॅसल तर मार्केट चौकापेक्षाही लहान आहे, म्हणजे वयाने. सरकारने तो कितीतरी वर्षं बांधूच दिला नाही, काम १९७१ ला सुरू झालं ते लोकांच्या वर्गणीतून, आणि आतली दालनं बघायला मिळाली १९८४ ला. त्याच्या मनोऱ्यावरचं घड्याळ १७ सप्टेंबर १९३९ ला बॉम्ब पडले तेव्हा सव्वाअकराला बंद पडलं होतं. नवीन घड्याळ १९७४ मध्ये सुरू केलं तेही बरोबर सव्वाअकराला. आजही रोज त्या वेळेला तुतारी वाजते, तेव्हा सकाळी अकराला तिथे हजर राहा, बाबांना हे आवडणार.

आणि हो, जे बांधलं ते सगळं जसंच्या तसं नाही. युद्धाआधी ओल्ड टाऊन म्हणजे गरिबांची दाटीवाटीची वस्ती होती, घरांच्या मागे खोल्यांवर खोल्या. परत बांधताना दर्शनी बाजू जुनी ठेवली पण मागची गर्दी गाळली, म्हणून आज कुठल्याही बोळातून आत शिरलात की मोकळी अंगणं लागतात. नोवी श्फियात रस्त्यावर एकोणिसाव्या शतकात चढवलेले मजले परत चढवलेच नाहीत, सगळी घरं एका उंचीची. म्हणजे युद्धाच्या आदल्या दिवशीचं शहर नाही, त्यांना जे आपलं शहर म्हणून हवं होतं ते बांधलंय. याला कोणी खोटं म्हणेल, म्हणू दे. युनेस्कोने १९८० मध्ये यादीत घेतलं ते मध्ययुगीन शहर म्हणून नाही, पुनर्बांधणीचं काम म्हणून.

विटांची गोष्ट मात्र थोडी कडू आहे. एवढ्या विटा आणायच्या कुठून, तर युद्धानंतर जर्मनीकडून पोलंडला मिळालेल्या व्रोत्स्वाफ, श्चेचिन अशा शहरांतून काढून वॅगनी भरून आणल्या. ती शहरं स्वतःच मोडलेली होती. एक शहर उभं राहिलं ते दुसऱ्यांच्या भिंती काढून, हे वॉर्साच्या गाईडने आम्हाला सांगितलं नव्हतं, व्रोत्स्वाफच्या टॅक्सीवाल्याने सांगितलं, आणि बऱ्यापैकी रागात.

वेळ असेल तर चालत मुरानूफला जा. तिथे ज्यूंचा घेटो होता, म्हणजे जर्मनांनी त्यांना कोंडून ठेवलेली वस्ती, आणि १९४३ च्या ज्यूंच्या वेगळ्या उठावानंतर ती पूर्ण सपाट केली. ढिगारा इतका होता की उचललाच नाही, त्याच्यावरच नवीन कॉलनी बांधली, त्याच्याच चुऱ्याचे ब्लॉक करून. साध्या तीन-चार मजली बिल्डिंगी आहेत, बघण्यासारखं काही नाही असं वाटतं, पण रस्त्यावरून अंगणात जायला मध्येच पायऱ्या चढाव्या लागतात, टेकाड नसताना. ते टेकाड म्हणजे खालचा घेटो. मला ओल्ड टाऊनपेक्षा तिथे जास्त गप्प व्हायला झालं.

ग्दान्स्कला जाताना एस७ हायवेवरच एल्ब्लाँग लागतं, तिथे जेवायला थांबा. तिथलं जुनं गाव असंच संपलं, पण कित्येक दशकं रिकामंच पडून होतं, आणि ऐंशीच्या दशकात बांधायला घेतलं तेव्हा त्यांनी नक्कल केलीच नाही. जुन्या पायावर, जुन्या रुंदीची घरं, वर उतरती त्रिकोणी छपरं, पण खिडक्या-बाल्कन्या सरळसरळ आजच्या. मला स्वतःला काही घरं कुरूप वाटली, नवरा म्हणाला हेच प्रामाणिक आहे, आमचं त्यावरून ग्दान्स्क येईपर्यंत भांडण चाललं. तुमच्या गाडीत बाबा आहेत म्हटल्यावर तुमचं पण होईल.

प्रश्न: गाडी बर्लिनहून नेताना काय लक्षात ठेवायचं? आणि आई शाकाहारी आहे. (याच वाचक)

उत्तर: गाडी भाड्याने घेतानाच सांगा की पोलंडला नेणार आहोत, आणि ते पेपरवर लिहून घ्या. आम्ही तोंडी सांगितलं होतं, परत दिल्यावर कंपनीने जास्तीचे पैसे लावले आणि तीन महिने ईमेल चालले, त्यात माझं डोकं फिरायचं बाकी होतं. सरकारी मोटरवे जुलै २०२३ पासून कारला फुकट आहेत, पण सीमेपासून कोनिनपर्यंतचा ए२ खाजगी आहे, तिथे टोल पडतो. दिवसाउजेडी पण हेडलाईट चालू ठेवणं सक्तीचं आहे. मोटरवेवर १४०, एक्स्प्रेसवेवर १२०, आणि गाडी चालवणाऱ्याने बिअरचा अर्धा ग्लास पण नको, मर्यादा जर्मनीपेक्षा खूप कडक आहे. नोटा युरो नाही, झ्लॉटी. ओल्ड टाऊनमध्ये गाडी जात नाही, शहराबाहेरच्या मेट्रो स्टेशनजवळ पार्क अँड राईडला लावा आणि दिवसाचं तिकीट काढा, त्यावर पार्किंग फुकट असतं. बाबांचे गुडघे दुखत असतील तर कॅसलच्या चौकाशेजारी १९४९ मध्ये सुरू झालेला सरकता जिना आहे, खालच्या ट्रामच्या रस्त्यावरून तो थेट वर आणतो.

आईसाठी ‘बार म्लेच्नी’ शोधा, साधी स्वस्त खानावळ. पिएरोगी रुस्किए मागा, आत बटाटा आणि पनीरसारखं चीज, आपल्या उकडीच्या करंजीचा लांबचा चुलतभाऊ. पण वरून तळलेल्या चरबीचे तुकडे घालतात, तेव्हा ‘बेझ स्क्वारेक’, म्हणजे ते नको, असं ऑर्डर देतानाच सांगा. रविवारी बहुतेक दुकानं बंद, शनिवारीच खरेदी उरकून घ्या.

आणि १ ऑगस्टला तुम्ही वॉर्सात असाल तर संध्याकाळी पाचला भोंगे वाजतील. घाबरू नका आणि हॉर्न पण वाजवत बसू नका. उठाव सुरू झाला ती ही वेळ, मिनिटभर ट्रॅफिक थांबतं, लोक गाडीतून उतरून उभे राहतात. तुम्ही पण उतरा.

प्रश्न: वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे असं ऐकलं, खरं का? कुठे आहे? (एक वाचक, गांधीनगर, कोल्हापूर)

उत्तर: खरं आहे, आणि तुम्ही तर त्या गोष्टीच्या जागेवरच राहता. सोव्हिएत रशियाने हद्दपार केलेले पोलिश लोक, जास्त करून बायका-मुलं, इराणमार्गे भारतात आले, त्यातले साधारण ५ हजार जण १९४३ ते १९४८ वळिवड्याच्या कॅम्पात राहिले. ते गेल्यावर त्याच बराकींत फाळणीत आलेली सिंधी कुटुंबं आली आणि त्याचं गांधीनगर झालं. बऱ्याच पोलिश लोकांना मात्र गावी परत जाता आलं नाही, कारण त्यांची गावंच सोव्हिएत हद्दीत गेली होती, मग कोणी इंग्लंडला, कोणी ऑस्ट्रेलियाला गेलं.

स्मारक म्हणजे इटलीतल्या मॉन्टे कॅसिनोच्या लढाईच्या मोठ्या स्मारकाजवळ कोल्हापूरचं नाव कोरलेली पाटी आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदी तिथे गेले होते. ओल्ड टाऊनपासून क्राशिन्स्की बागेच्या दिशेने निवांत चालत पोचता येतं. फक्त रस्त्यात विचारताना ‘महाराजा’ म्हणू नका, लोक तुम्हाला ओखोता भागात पाठवतील. तिथला ‘चांगल्या महाराजांचा चौक’ पोलिश मुलांना आसरा देणाऱ्या जामनगरच्या जामसाहेबांच्या नावाचा आहे. तोही बघण्यासारखा आहे, पण तो वेगळा आणि बराच लांब.