कांडी निवडताना आईचे दूध पाहावे की जीनोमिक आकडा?

फलटण, खटाव आणि वाळवा तालुक्यांतल्या दूध उत्पादकांनी विचारले आहे: गाईची डीएनए चाचणी करून घ्यावी का? 'जीनोमिक' वळूची, म्हणजे डीएनए वाचून निवडलेल्या वळूची, कांडी (गोठवलेल्या वीर्याची नळी) भरली तर कालवड हमखास जास्त दूध देते का? आणि यात गाईचे जनुक बदलतात का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. काहीही बदलत नाही. शेपटीचे केस, कानाचा बारीक तुकडा किंवा रक्त घेऊन डीएनए फक्त वाचला जातो. केस मात्र मुळासकट उपटलेले हवेत. कात्रीने कापून पाठवलेले केस वाया जातात, कारण चाचणीला लागणारा डीएनए मुळाशी असतो.

एकाच गाईला एकाच वळूपासून झालेल्या दोन कालवडींत एक भरपूर दूध देते आणि दुसरी खुराक खाऊनही मागे राहते, हे तुम्ही गोठ्यात पाहिले असेल. वासराला आईकडून निम्मे आणि बापाकडून निम्मे जनुक मिळतात, पण ते निम्मे कोणते, हे दर वासरागणिक वेगळे. म्हणून वळूच्या 'मातेचे दूध इतके लिटर' एवढेच पाहून तो निवडणे अपुरे आहे. जीनोमिक निवडीत चिपवर, म्हणजे डीएनए वाचणाऱ्या छोट्या पट्टीवर, डीएनएमधल्या हजारो खुणा तपासतात, दुधाच्या नोंदी असलेल्या हजारो जनावरांशी त्या ताडतात आणि पैदास मूल्य, म्हणजे जनावर पिलांना किती चांगले गुण देईल याचा अंदाज, काढतात. फलटणच्या निंबकर संस्थेने मेंढ्यांमध्ये जुळ्यांसाठी आणलेला फेकबी हा एकच जनुक आहे, त्यामुळे तो आहे की नाही हे सरळ कळते. दुधामागे मात्र असंख्य जनुक थोडे थोडे काम करतात.

खरा फायदा वेळेचा. पूर्वी वळूची पारख व्हायला त्याच्या मुली विऊन दुधात येईपर्यंत पाच-सहा वर्षे थांबावे लागे. आता वासरू लहान असतानाच अंदाज येतो. अमेरिकेत होल्स्टीनसाठी ही पद्धत २००९ पासून अधिकृत आहे. आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिम येथे गाईंसाठी गौचिप आणि म्हशींसाठी महिषचिप या डीएनए चिपांचे लोकार्पण झाले.

पण हमी कुणीही देऊ नये. गाईगाईंच्या दुधात जो फरक दिसतो, त्याचा साधारण पाव ते एक तृतीयांश भागच आनुवंशिक असतो. बाकी चारा, पाणी, उन्हाचा ताण, कासदाह. गाभण राहण्याच्या बाबतीत आनुवंशिक वाटा याहूनही फार कमी, तेव्हा वारंवार उलटणाऱ्या, म्हणजे भरवूनही गाभण न राहणाऱ्या, गाईचा दोष थेट कांडीवर टाकू नका. परदेशी वळूचा आकडा तिकडच्या गाईंच्या नोंदींवर बेतलेला असतो. खटावच्या उन्हाळ्यात आपल्या संकरित गाईंवर तो जसाच्या तसा उतरेल असे धरून चालू नका.

दोन-चार गाई असतील तर चाचणीवर खर्च करू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. तो पैसा मुरघास आणि खनिज मिश्रणात घाला. गोठ्यात पंधरा-वीस कालवडी असतील आणि त्यातल्या कोणत्या ठेवायच्या, कोणत्या विकायच्या, लिंगनिर्धारित कांडी कोणाला भरायची हे ठरवायचे असेल, तर चाचणी कामाची आहे. त्या कांडीतून साधारण ९० टक्के कालवडी मिळतात, म्हणून ती चांगल्या गाईलाच वापरावी.

सगळ्यांनी करण्यासारखे काम म्हणजे नोंदी. ते मी कळकळीने सांगतो, कारण आपल्या संकरित गाईंच्या दुधाचे आकडेच नसतील तर चिप काढणाऱ्यांना आपल्या भागाविषयी काहीच कळणार नाही. प्रत्येक जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला मारून घ्या. महिन्यातून एक दिवस ठरवून सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळचे दूध मोजा आणि बिल्ल्याच्या नंबरासमोर लिहा. गाय भरवताना कृत्रिम रेतन करणाऱ्याकडून रिकामी कांडी मागून घ्या. तिच्यावर वळूचा नंबर छापलेला असतो, तो तारखेसह वहीत उतरवा. हा वळू दुधासाठीच निवडला आहे की फॅट, कासेची ठेवण आणि मुलींची गाभण राहण्याची क्षमताही पाहिली आहे, हेही विचारा. पुढे कालवड माजावर आली की वही उघडा. तिच्या बापाचाच नंबर नव्या कांडीवर दिसला तर ती भरू देऊ नका, दुसऱ्या वळूची मागा.