वीज गेली की घड्याळ मागे का जातं?

प्रश्न : ताई, नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. मागांवरचे पिक (आडव्या धाग्याचे फेरे) मोजायला रास्पबेरी पाय ४ हे छोटे संगणक बसवलेत. शेडमध्ये इंटरनेट नाही, म्हणून प्रत्येकाला सेलवर चालणारं डीएस३२३१ घड्याळ जोडलंय. दोन वर्षं नीट चाललं. अपडेट फसलं तर जुन्यावर परतता यावं म्हणून गेल्या महिन्यात मध्ये यू-बूट, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम, घातलं. तेव्हापासून वीज गेली की वेळ मागे जाते आणि पाळीचा हिशेब चुकतो. कॉन्फिग फाइलमधली घड्याळाची ओळ आहे तशीच आहे. सेल दोनदा बदलले. मॉड्यूलच गेलं असेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : मॉड्यूलवर संशय घेऊ नका, तिसरा सेलही आणू नका. सगळ्या मागांवर एकाच महिन्यात घड्याळं बिघडत नाहीत. बदललं ते यू-बूट, तिथेच बघायचं.

चादरीच्या मागावर नक्षी कोणती ते मागाला ठाऊक नसतं, जॅकार्डची कार्डं सांगतात. बोर्डावर काय कुठे जोडलंय हे लिनक्सला डिव्हाइस ट्री नावाची फाइल तसंच सांगते. पाय ४ मध्ये ही फाइल आधी फर्मवेअर (बोर्डाचा स्वतःचा सुरुवातीचा प्रोग्रॅम) उचलतं, तुमची कॉन्फिगमधली ओळ वाचून तिच्यात घड्याळाची भर घालतं, आणि तयार झालेली प्रत मेमरीत ठेवून तिचा पत्ता पुढे देतं. पूर्वी ती थेट कर्नेलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, मिळायची. आता यू-बूटला मिळते, आणि तुमची बूट स्क्रिप्ट बहुधा ती बाजूला सारून एसडी कार्डावरची कोरी फाइल पुन्हा लोड करते. त्या कोऱ्या फाइलीत घड्याळ नाही, म्हणून लिनक्सला ते दिसत नाही आणि वीज गेली की वेळ मागे जाते.

मग बोर्ड सुरू तरी कसा होतो? मेमरी किती, बूटच्या सूचना काय, असल्या गोष्टी यू-बूट स्वतः पुन्हा भरतं. तुमची ओव्हरले, म्हणजे घड्याळाची ती भर, तेवढी गळते. म्हणून हा दोष फार फसवा. एका शेडमध्ये मीही सेल, वायरी, सोल्डरिंग तपासत दोन दिवस घालवले होते, तुमची तगमग मला कळते.

आधी खात्री करा. लिनक्स चालू असताना प्रॉक फोल्डरातल्या डिव्हाइस-ट्रीमध्ये डीएस३२३१ शोधा. नसेल तर स्क्रिप्ट उघडा. तिथे दोन नावं जवळजवळ सारखी दिसतील : एफडीटी-अ‍ॅड्र म्हणजे फर्मवेअरने दिलेली प्रत, आणि शेवटी ‘आर’ असलेलं नाव म्हणजे कार्डावरून लोड करायची जागा. डीटीबी (डिव्हाइस ट्रीची फाइल) लोड करणारी ओळ काढा, बूटआय या कर्नेल सुरू करणाऱ्या आज्ञेच्या शेवटी ‘आर’ नसलेलं नाव द्या. नुसता मजकूर बदलून भागत नाही, एमकेइमेज या साधनाने स्क्रिप्ट पुन्हा बांधावी लागते.

पण इथे थांबू नका. तुमचे कर्नेल दोन पार्टिशनवर (कार्डाच्या वेगळ्या भागांवर) आणि डीटीबी, ओव्हरले मात्र फर्मवेअरच्या एकाच पार्टिशनवर असतील, तर उद्या कर्नेल नवा आणि ट्री जुनी अशी जोडी जमेल. रास्पबेरीचा स्वतःचा कर्नेल आणि मूळ लिनक्सचा कर्नेल यांच्या ट्री तर एकमेकींच्या जागी चालतीलच असं नाही. मला विचाराल तर तुमच्या कामाला यू-बूट लागतच नाही. पाय ४ च्या बूटलोडरमध्ये ‘ट्रायबूट’ सोय आहे : ऑटोबूट फाइलीत दोन पार्टिशन नेमायची, नवं एकदाच चालवून बघायचं, फसलं तर पुढच्या साध्या रीबूटला जुनंच उठतं. प्रत्येक पार्टिशनवर फर्मवेअर, कर्नेल, डीटीबी आणि ओव्हरले एकत्र राहतात, त्यामुळे ताटातूट होत नाही.

काहीही निवडा, पहिल्यांदा एकाच मागावर करा. नेटवर्कची वायर असेल तर ती काढून अर्धा तास वीज बंद ठेवा. वेळ मनगटावरच्या घड्याळाशी जुळली, तरच बाकीच्या मागांना हात लावा.