वितंडवाद म्हणजे नुसतं भांडण नव्हे

फोंड्याहून एका तरुण वाचकाने विचारलं आहे : ‘स्टार ट्रेक भारी की स्टार वॉर्स, यावरून आम्हा मित्रांची रोज जुंपते. घरचे म्हणतात, पुरे तुमचा वितंडवाद! हा शब्द इथे बसतो का? आणि तो आला कुठून?’

नाही बसत. आवाज चढला की लोक वितंडवाद म्हणून मोकळे होतात. ग्रामसभेपासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत हेच कानावर पडतं आणि दर वेळी चीड येते, कारण या शब्दाला नेमका अर्थ आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधायचं तो वाद, जिंकायचंच तो जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची नुसती मोडतोड करायची ती वितंडा. आपल्याकडे गोव्यात 1967 च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरणाचं चिन्ह फूल होतं, वेगळा संघप्रदेश राहण्याचं दोन पानं. भांडण कडाक्याचं झालं, पण दोन्हीकडे ठाम बाजू होती. त्याला वितंडा म्हणणं साफ चूक.

तुमची मंडळीही बाजू घेऊनच बसतात, म्हणजे तुमचा जल्प. जल्पात छल चालतो, म्हणजे समोरच्याच्या बोलण्याचा मुद्दाम भलताच अर्थ काढणं. स्टार वॉर्सवाला म्हणतो, ‘आमचं यान लाइटस्पीडने जातं.’ त्याला म्हणायची असते हायपरस्पेसमधली, प्रकाशालाही कितीतरी मागे टाकणारी झेप. ट्रेकवाला लगेच शब्द पकडतो : ‘प्रकाशाचा वेग म्हणजे आमचा वॉर्प 1. सूर्यानंतरच्या सर्वांत जवळच्या ताऱ्यावर पोचायला तुम्हाला सव्वाचार वर्षं लागतील!’ याला वाक्छल म्हणतात. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात ‘नवकंबल’ असं उदाहरण आहे. बोलणाऱ्याला म्हणायचं असतं, याची घोंगडी नवी. छल करणारा विचारतो, याच्याकडे नऊ घोंगड्या कुठे आहेत? हे वाचताना मला प्रत्येक वेळी आनंद होतो. मात्र तुमच्यातला कोणी दोन्ही विश्वांना नावं ठेवत असेल आणि स्वतःला काय आवडतं ते सांगतच नसेल, तर वितंडा त्याची.

आता खरी गंमत. वितंडेत ‘तण्ड्’ धातू आहे, अर्थ ताडन करणे, मारणे. आपलं ‘तंडणे’ याच घरातलं, असं माझं ठाम मत आहे. ‘दोघे तासभर तंडत बसले’ म्हणतो तेच. यावर आक्षेप येतो की ‘भण्ड्’चं भांडणे झालं, मग ‘तण्ड्’चं तांडणे का नाही? उत्तर सोपं आहे. भांडणे प्राकृतातून घासत घासत आलं, म्हणून त्याचा स्वर लांबला. तंडणे पाठशाळेतल्या शास्त्रार्थातून, पंडितांच्या तोंडून सरळ घरात शिरलं, म्हणून जसंच्या तसं राहिलं. दांडा आणि दंड मराठीत शेजारी शेजारी नांदतात, ते असेच दोन वाटांनी आले.

काही जण उत्साहाच्या भरात तांडवालाही याच धातूत ओढतात. ते मला मुळीच पटत नाही. तांडव हे नाव शिवाचा गण तंडू याच्यावरून पडलं असं नाट्यशास्त्रातच सांगितलं आहे. आणि तंटा हा हिंदीतल्या ‘टंटा’वरून आला म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावं, की मराठीला शब्दारंभी ट चा कधी कंटाळा होता? टाळू, टाच, टोपली सगळं खुशाल चालतं. मग इथेच ट चा त करण्याचं कारण काय?