घाटात ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो, जुनी गाडी तशीच चालवू का?

नाही, अजिबात नाही. कात्रज घाटात दिवा लुकलुकतो आणि सपाटीवर विझतो म्हणताय, म्हणजे बहुतेक ऑइल कमी झालंय. चढावर ते इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि प्रेशर पडतं. हा दिवा लागला की गाडी कडेला घेऊन इंजिन लगेच बंद करायचं. माझ्या मामांनी ‘नवले पुलापर्यंत जाऊ’ म्हणत तशीच रेटली, बेअरिंग गेली आणि इंजिन उतरवावं लागलं.

सकाळी गाडी थंड असताना, सपाट जागेवर डिपस्टिक (इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी) काढा, फडक्याने पुसा, पूर्ण आत घालून परत काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. कमी असेल तर थोडं थोडं ओता, वरच्या खुणेपलीकडे नको. काळं दिसलं तर घाबरू नका. दुधाच्या चहासारखं दिसलं तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) मिसळत असण्याची शक्यता आहे, मग गाडी सुरूच करू नका. लेव्हल बरोबर असूनही दिवा लागला तर टो करूनच गॅरेजला न्या.

आणि चावी फिरवल्यावर हा दिवा लागतो का तेही बघा. लागतच नसेल तर बहुधा बल्ब गेलाय, जुन्या गाड्यांत हे हमखास राहून जातं.