विश्वास आहे, पण तारणाची खात्री वाटत नाही. प्रभुभोजन घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की बाप्तिस्मा होऊन सहा वर्षं झाली, प्रभूला स्वीकारायची प्रार्थना अकरा वेळा केली, तरी रात्री वाटतं की आपलं तारण, म्हणजे पापातून सुटका, झालेलीच नाही. येत्या रविवारी प्रभुभोजन आहे, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, ते घ्यावं की नाही? एरवी मी इथे फक्त वाचते. हा शेवटचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

माझ्या आईने सात महिने प्रभुभोजन घेतलं नव्हतं.

आई नगर जिल्ह्यातली, तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती. वडिलांच्या नोकरीमुळे लग्नानंतर गोव्यात पर्वरीला आली. आमची मराठी मंडळी, म्हणजे आमचं चर्च, पणजीत एका भाड्याच्या हॉलमध्ये भरायची, जेमतेम चाळीस माणसं. शेजारीपाजारी सगळे कोंकणी कॅथलिक. प्रेमळ लोक, पण त्यांची प्रार्थना वेगळी, सण वेगळे. त्यामुळे मंडळीतल्या मोठ्यांचा शब्द आमच्यासाठी घरच्या माणसाचा शब्द होता.

त्यात एक काका होते. पहाटे चारला उठून प्रार्थना करणारे, बायबल तोंडपाठ. एकदा आमच्याच घरी प्रार्थनासभेत त्यांनी एकेकाला विचारलं, "नवा जन्म कधी झाला? तारीख सांगा." नवा जन्म म्हणजे प्रभूला मनापासून स्वीकारलं तो क्षण. लोक सांगत गेले. आईची पाळी आली. ती म्हणाली, "भाऊ, तारीख नाही सांगता येणार. कळायला लागल्यापासून मी येशूलाच हाक मारत आलेय." काका म्हणाले, "वहिनी, तारीख नाही तर जन्म तरी झालाय का, ते बघा. आणि खात्री होईपर्यंत मेजापासून लांब राहा. अयोग्य रीतीने घेणं म्हणजे स्वतःवर दंड ओढवणं."

पुढच्या प्रभुभोजनापासून ताट आलं की आई न घेता ते माझ्याकडे सरकवायची. सकाळी पोदेराकडून घेतलेल्या पावाचे बारीक चौकोनी तुकडे, वर पांढरा विणलेला रुमाल. ताट माझ्या हातात देताना ती माझ्याकडे बघायची नाही. मी सत्तावीस वर्षांची होते, सगळं कळत होतं, आणि काकांना मी एक शब्द बोलले नाही.

आज बोलते. काकांनी ते वचन अर्धंच सांगितलं. करिंथकरांस पहिलं पत्र, अकरावा अध्याय. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, माणसाने स्वतःची परीक्षा करावी, आणि मग ती भाकर खावी. मग खावी! लांब राहा असं तिथे कुठेही नाही. आणि तो रागावलाय कोणावर? गरीब उपाशी बसलेले असताना आधी स्वतः खाऊन-पिऊन मोकळे होणाऱ्यांवर. शंकेने रडणाऱ्या बाईवर नाही.

काकांचा दुसरा लाडका दाखला जॉन वेस्लीचा, मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या इंग्रज उपदेशकाचा. २४ मे १७३८, लंडन, आल्डर्सगेट रस्त्यावरची सभा, रात्री पावणेनऊच्या सुमाराला त्याच्या मनात ऊब भरली आणि खात्री पटली. बरोबर आहे. पण त्याच वेस्लीने १७३९ च्या जानेवारीत स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवलंय की मी ख्रिस्ती नाही. त्यानंतरही तो पन्नास वर्षं उपदेश करत फिरला. तारीख वेळेसकट पाठ असलेल्या माणसाची ही गत, तर आईला का छळलंत?

आणि बाप्तिस्मा करणारा योहान? तुरुंगातून त्याने येशूला निरोप पाठवला, येणारा तो तूच की आम्ही दुसऱ्याची वाट पाहायची? ज्याने स्वतः येशूला बाप्तिस्मा दिला त्याचा हा प्रश्न. येशूने त्याला नापास केलं नाही. उलट लोकांना सांगितलं, स्त्रियांपासून जन्मलेल्यांत याच्याहून मोठा कोणी झाला नाही.

आई मला म्हणायची, तुझं ठीक आहे गं, माझा विश्वासच लुळा. मला मग फेरीबोट आठवायची. १९८६ च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा मी दहा वर्षांची. आदल्या रविवारी त्याच पुलावरून बसमधून आम्ही निवांत गप्पा मारत गेलो होतो, कोणाच्या मनात शंकेचा लवलेश नव्हता. मग बेतीहून फेरी सुरू झाली. आईला पाण्याची भयंकर भीती, कठड्याची लोखंडी नळी ती दोन्ही हातांनी आवळून धरायची, तळव्यांना गंज लागायचा. फेरीने तिला दर रविवारी पलीकडे नेलं. आमच्या खात्रीने काही पूल उभा राहिला नाही.

म्हणून बारावी वेळ ती प्रार्थना करू नका. दर वेळी तुम्ही आपलाच विश्वास चाचपून बघताय. योहानाचं पहिलं पत्र (हा योहान वेगळा, बाप्तिस्मा करणारा नव्हे), पाचवा अध्याय, तेरावं वचन वाचा. सार्वकालिक जीवन मिळालंय हे तुम्हाला कळावं म्हणूनच मी लिहिलंय, असं तो म्हणतो. म्हणजे त्या काळच्या विश्वासणाऱ्यांनाही ते सांगावं लागत होतं. त्याच पत्रात तो भावाबहिणींवरच्या प्रीतीबद्दल पुन्हा पुन्हा विचारतो, तेही वाचा.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. तुम्ही कॅथलिक घरातले असाल तर तिथली शिकवण निराळी आहे. १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने म्हटलंय की आपण कृपेत आहोत हे कोणालाही चूक होणारच नाही अशा खात्रीने कळत नाही, भिस्त आशेवर ठेवायची. आमची शेजारीण आईला म्हणायची, "देव आसा, भिवं नाका." तिच्याकडे तारीख नव्हती आणि झोप शांत होती. दुसरं, या विचारांनी झोप उडाली असेल, तेच तेच दिवसभर घोळत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. त्याने विश्वास कमी होत नाही.

आईचे सात महिने संपले ते मंडळीत नवीन पाळक आले म्हणून. त्यांनी ताट पुढे जाताना पाहिलं, संध्याकाळी घरी आले आणि तो अध्याय तिच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतला. शंका तिच्या पूर्ण गेल्या नाहीत, शेवटपर्यंत अधूनमधून यायच्या.

तर रविवारी घ्या. आईने शेवटचं प्रभुभोजन घरी, खाटेवर घेतलं. हात थरथरत होता, अर्धा द्राक्षरस चादरीवर सांडला. ती घाबरून पाळकांकडे बघत राहिली. त्यांनी काही न बोलता पेला पुन्हा भरला.